मराठी सिनेमावाल्यांनो, एक तरी सायफाय, एक तरी ॲनिमेशन आपल्या भाषेत काढा

प्रति,
मराठी सिनेमे काढणारे निर्माते, दिग्दर्शक, लेखक आणि त्यात पैसा घालणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी सिनेमा लाइनमधली कोणी नाही. मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं पुण्यात अकाउंट्समध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमे बघते, त्यातही ॲनिमेशन आणि सायफाय, म्हणजे विज्ञानकथांचे सिनेमे, जास्त. हे पत्र खूप दिवस डोक्यात होतं, लिहू लिहू म्हणता राहून जायचं, आता बसलेच आहे तर जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी आईचं सांगते, कारण हे पत्र तिच्यामुळेच लिहितेय.

आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दोन महिने माझ्याकडे होती. सिरीयली बघून बघून कंटाळली होती. एका रविवारी दुपारी मी म्हटलं, चल माझ्या आवडीचा एक पिक्चर बघूया, आणि 'वॉल-ई' लावला, २००८ चा ॲनिमेशनवाला. तिला इंग्रजी येत नाही, पण मला माहीत होतं की यात सुरुवातीचा अर्धा तास जवळजवळ कोणी बोलतच नाही. पृथ्वीवर नुसता कचरा उरलाय, माणसं केव्हाच यानात बसून निघून गेलीत आणि एक छोटासा गंजका रोबो एकटाच कचरा दाबून त्याचे ठोकळे करतोय, ते एकावर एक रचून उंचच्या उंच मनोरे उभे करतोय. मधेच एखादी वस्तू आवडली, बल्ब म्हणा, लायटर म्हणा, की ती डब्यात टाकून घरी नेतो. आई म्हणाली, "अगं हा आपल्या गल्लीत यायचे त्या भंगारवाल्या मामांसारखाच आहे की, चांगलं काही दिसलं की बाजूला काढून ठेवतोय." मी तिला काहीही समजावून सांगितलेलं नव्हतं.

आणि मग शेवटी तो रोबो मोडतो. त्याची मैत्रीण त्याला नवे पार्ट बसवते, तो चालू होतो, पण ओळखत नाही कुणालाच, तिलाही नाही, डोळे कोरे, आणि परत कचरा दाबायला लागतो. ती त्याचा हात हातात घेऊन थांबते. आमच्या बाबांना शेवटची दोन वर्षं माणसं ओळखू येत नव्हती, आईसुद्धा नाही. आई टीव्हीकडे बघत होती, नजर न हलवता म्हणाली, "मीपण असाच हात धरून बसायचे." नंतर नावं वर सरकत होती तरी आम्ही दोघी तशाच बसून होतो, चार वाजून गेले, चहाचंसुद्धा राहिलं.

आता मला सांगा, हे लहान मुलांचं आहे का?

कारण मी वर्षानुवर्षं हेच ऐकत आलेय. ऑफिसात, लग्नकार्यात, कुठंही सांगितलं की मी काल अमुक बघितला, तर "अजून कार्टून बघतेस?" आणि सायफाय म्हटलं की "ते इंग्लिशवाल्यांचं, आपल्याकडे नाही चालत". लोक म्हणतात त्याचं मला एवढं काही नाही, पण तुम्हीपण तसंच धरून चालला आहात असं वाटतं, आणि ते मला जास्त लागतं. जपानमध्ये १९८८ च्या एप्रिलमध्ये एकाच स्टुडिओचे दोन पिक्चर एकाच तिकिटात लावले होते, 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिल्यात दोन बहिणी आणि जंगलातला एक गुबगुबीत प्राणी. दुसऱ्यात महायुद्धातला बॉम्बहल्ला, त्यात आई गेलेले दोघं भाऊ-बहीण आणि मग उपासमार, ती एवढीशी पोरगी आणि तिचा तो चघळायच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. मी तो एकदाच बघितलाय, पुन्हा लावायची हिंमत होत नाही. दोन्ही हाताने काढलेली चित्रंच, पण चित्र म्हटलं की ते पोरांचं असं तिथं कुणी धरून बसलं नाही. आणि आपणही सगळे नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनपुढे मोगली बघायला बसायचो ना, घरातली मोठी माणसंसुद्धा हातातलं काम सोडून बसायची, तेपण जपानी ॲनिमेशनच होतं, आपल्याला ते माहीत नव्हतं एवढंच.

आणि आपल्याकडे ही परंपरा नाही असं तर कुणी म्हणूच नये. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ च्या सुमाराला, कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना ठरावीक वेळाने एकेक फ्रेम घेत गेले, पडद्यावर मग बघता बघता दाण्यातून अंकुर वर येतो. हे त्यांनी कुणाला दाखवलं? पैसे लावू शकणाऱ्या लोकांना! पैसा घालणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम सांगतेय. भारतातल्या पहिल्या मोठ्या सिनेमासाठी पैसा उभा राहिला त्यात वाटाण्याच्या त्या रोपट्याचा वाटा आहे, एकेक फ्रेम जोडून हलवलेल्या चित्राचा. पुढे त्यांनी आगपेटीतल्या काड्या घेऊन 'आगकाड्यांची मौज' केली. शंभरपेक्षा जास्त वर्षं झाली त्याला. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या आपल्या माणसाने काड्या नाचवल्या, आणि आज आपण म्हणतो ॲनिमेशन आपलं नाही.

मधल्या काळात कुणी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. २०१६ ला 'फुंतरू' आला तेव्हा मी थिएटरात जाऊन बघितला, सगळं जमलं होतं असं नाही म्हणणार, पण मराठीत कॉलेजातली पोरं कॉम्प्युटरमधल्या मुलीबद्दल बोलतायत हे ऐकून एवढं बरं वाटलं की विचारू नका. २०१८ ला 'प्रभो शिवाजी राजा' हा पूर्ण ॲनिमेटेड मराठी सिनेमा आला. पण असे एखाद-दुसरे येतात, पुढे साखळी लागत नाही, नि मग "बघा, चाललं नाही" म्हणायला सगळे मोकळे.

चालत नाही म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देते. २०२३ ला 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. मी माझ्या भाच्याला घेऊन मुद्दाम मराठी शो शोधला, मिळाला एकच, शहराच्या दुसऱ्या टोकाला, भर दुपारी, आणि काउंटरवरच्या मुलालासुद्धा माहीत नव्हतं की मराठीतला आहे, त्याने दोनदा विचारलं हिंदी चालेल का. तरी गेलो. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा, इंग्लिश मीडियमचा, पडद्यावर स्पायडर-मॅन मराठीत बोलायला लागला तसा खुर्चीत सरळ होऊन बसला आणि घरी येईपर्यंत ते डायलॉग म्हणत होता, मराठीत. मला डबिंगमध्ये काही ठिकाणी पुस्तकी मराठी खटकली, पोरं असं बोलत नाहीत, पण त्याला काही खटकलं नाही. बाहेरचे लोक येऊन आपल्या पोरांना मराठीत स्पायडर-मॅन देतायत, मग आपण आपलं काही का नाही द्यायचं?

या सिरीजच्या आधीच्या, २०१८ च्या भागातली एक गोष्ट मला फार आवडते. जंगलातून झोके घेत पळायचा एक सीन आहे, त्यात मुरलेला स्पायडर-मॅन पीटर सेकंदाला चोवीस चित्रांत हलतो आणि नवशिका माइल्स बाराच चित्रांत, म्हणून माइल्स किंचित अडखळत हलल्यासारखा दिसतो. बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पोरगा कच्चा आहे हे आपल्याला पोटात कळतं. पुढे तो तयार झाला की त्याची चाल बदलते. मला तबला येत नाही पण माझे काका वाजवायचे, ठेका तोच ठेवून लय बदलली की काय होतं ते ते दाखवायचे, त्याची आठवण झाली. असली कारागिरी कळायला आपल्या प्रेक्षकाला काही शिकवावं लागत नाही हो, संगीत नाटकं रात्र रात्र जागून ऐकलेली आपली माणसं आहेत.

आता बजेट. मला माहितेय तुम्ही हेच म्हणणार.

गिंट्स झिल्बालोडिस म्हणून लॅटव्हियाचा एक मुलगा आहे, १९९४ चा जन्म. लॅटव्हियाची सगळी लोकसंख्या वीस लाखांच्या आत, आणि मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेत आठ कोटींच्या वर आहेत. याने आपला पहिला सिनेमा 'अवे' एकट्याने केला, लिहिला, ॲनिमेट केला, एडिट केला, संगीतसुद्धा स्वतःचं, सव्वा तासाचा सिनेमा, तीनेक वर्षं लागली. मग छोटी टीम घेऊन 'फ्लो' केला, तोही ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, जे फुकट मिळतं, तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर आत्ता उतरवून घेता येतं. ३५ लाख युरोच्या आसपास खर्च, म्हणजे तीस कोटींच्या वर गेले, मराठीसाठी ही रक्कम मोठी आहे हे मला कळतं, पण २०२५ ला त्याने बेस्ट ॲनिमेटेड फीचरचा ऑस्कर नेला आणि त्याच यादीत हॉलिवूडचे त्याच्या कितीतरी पट बजेटवाले सिनेमे मागे राहिले. आणि पहिला 'अवे' विसरू नका, एक माणूस नि एक कॉम्प्युटर.

'फ्लो'मध्ये एक शब्द नाही. एक मांजर आहे आणि पूर आहे. पाणी वाढत जातं, घर जातं, झाडं जातात, मांजर एका होडीत चढते, तिथं कुत्रा, लेमूर, एक मोठा पक्षी, कॅपिबारा, सगळे एकमेकांना परके.

मी सांगलीची आहे हे वर सांगितलंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं होतं. सांगलीत पावसाळ्यात कुणी कुणाला भेटलं की पहिला प्रश्न "आयर्विनला किती?" म्हणजे आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे. त्या वेळी ते पन्नासच्या वर गेलं होतं. आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, आई, मी, त्यांची तीन माणसं, खालच्या दुकानदाराचे दोघं भाऊ, ज्यांच्याशी आईचं पार्किंगवरून वर्षभर बोलणं नव्हतं, सगळे एका खोलीत. समोरच्या पत्र्यावर एक कुत्रा आणि एक मांजर दोन दिवस एकत्र बसून होते. एरवी कुत्र्याने तिला पळवली असती. पाणी चॉकलेटी, आवाज काहीच नाही, ही गोष्ट बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पूर आला की शहर इतकं शांत होतं. 'फ्लो' बघताना ती शांतता मला जशीच्या तशी ऐकू आली. तिकडे लॅटव्हियात रीगामधल्या एका मुलाला ती कशी काय कळली? आणि आपल्याकडे सांगली, कोल्हापूर, महाड, चिपळूण, एवढ्या गावांनी ती अंगावर घेतलीय, तर हा सिनेमा आपल्याकडून का नाही आला? ते मांजर आमच्या समोरच्या पत्र्यावर बसलं होतं हो!

सायफायला तर तेवढेही पैसे लागत नाहीत. २००७ चा 'द मॅन फ्रॉम अर्थ' बघा. एक प्रोफेसर नोकरी सोडून चाललाय, घरात सामान बांधून ठेवलंय, सहकारी निरोप द्यायला आलेत, आणि तो सांगतो की मी चौदा हजार वर्षं जगतोय. बस. पुढे नुसतं बोलणं, एकच खोली, शेकोटी, सात-आठ माणसं. यान नाही, स्फोट नाही. हे तर सरळ आपलं नाटक आहे! दिवाणखान्याचा सेट, दोन अंक, एकाला एक वरचढ संवाद, हे आपल्याइतकं कुणाला येतं? २०१३ च्या 'कोहेरन्स'मध्ये आठ मित्र जेवायला जमलेत, आकाशातून धूमकेतू जातोय नि लाइट जातात, दिग्दर्शकाच्या स्वतःच्या घरात पाच रात्रींत शूट केलाय. लाइट जाणं ही गोष्ट आपल्याला काय कुणी शिकवायची. हिंदीत आरती कडव यांनी 'कार्गो' केला, यानाचं नाव पुष्पक, मेलेल्या माणसांना पुढच्या जन्मासाठी तयार करणारे राक्षस त्यात नोकरी करतात, राक्षस आणि ऑफिसची ड्युटी! असं काही आजीला सांगितलं असतं तर तिला सगळं कळलं असतं.

आणि गोष्टी नाहीत म्हणता? १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं, म्हणजे नावाकडे बघून बक्षीस नको. कृष्णविवर दाखवणारा हॉलिवूडचा 'इंटरस्टेलर' आला २०१४ ला. चाळीस वर्षं आधी आपल्याकडे कृष्णविवरावर मराठीत कथा लिहून झाली होती, लिहिणारा माणूस जगातला नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ, पुण्यातच राहायचा, गेल्या वर्षी-दोन वर्षांत नाही, कितीतरी दशकं तो आपल्यात होता. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले, आणि मला राहून राहून हेच वाटत होतं की सर थिएटरात बसलेत आणि पडद्यावर मराठी यान निघालंय असं आपण त्यांना दाखवायला हवं होतं. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, यांच्या विज्ञानकथा लायब्ररीत पडून आहेत, पानं पिवळी झालीत. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आमच्या घरात बाबांच्या कपाटात होता, मी चंद्रावर पहिल्यांदा गेले ती त्या पुस्तकातून.

'इंटरस्टेलर'ची ती कृष्णविवराची दृश्यं ज्या डीएनईजी कंपनीने केली तिचा मुंबईत मोठा स्टुडिओ आहे. माझ्या मैत्रिणीचा भाऊ अशाच एका दुसऱ्या ठिकाणी रोटोचं काम करतो, म्हणजे हिरोचे केस, बोटं, कपड्यांच्या कडा फ्रेम बाय फ्रेम कापून वेगळ्या काढायच्या, रात्र रात्र बसून. इचलकरंजीचा मुलगा. तो म्हणतो, ताई, मी दहा इंग्लिश पिक्चरचं काम केलं, आईला दाखवायला एकही मराठी नाही. कारागीर आपले, मशीन आपल्या शहरात.

जागा पाहिजे? खोडदला जा. नारायणगावाजवळ द्राक्षांच्या नि टोमॅटोच्या शेतांमध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिश उभ्या आहेत, एकूण तीस, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, पंचवीसेक किलोमीटरात पसरलेल्या. २०२३ ला बातमी आली होती की एका आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला सिग्नल त्यांनी पकडला. आणि तेच नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, जत्रांचा सीझन जवळ आला की फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. मी एकदा संध्याकाळी त्या रस्त्याने येत होते, एका बाजूला ढोलकी लावत असल्याचा आवाज आणि लांब उसाच्या वर ती पांढरी डिश आभाळाकडे तोंड करून. गाडी बाजूला घेऊन थांबले. पृथ्वीवर दुसरीकडे कुठे असं असेल असं मला वाटत नाही. त्या डिशमध्ये जर एखाद्या रात्री गण-गौळणीसारखा ताल पकडला गेला, आणि तो ताल कुणाचा हे फक्त एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याला कळलं, तर? मी लेखिका नाही, मला पुढचं येत नाही, तुम्हाला येईल. घ्या, फुकट देतेय.

अजून एक सांगते आणि थांबते. 'अरायव्हल' नावाचा २०१६ चा सिनेमा आहे, परग्रहावरून कोणीतरी येतं आणि एक भाषातज्ज्ञ बाई त्यांची लिपी शिकते, ती लिपी गोलाकार, तिला पुढं-मागं नाही, आणि ती शिकता शिकता त्या बाईला काळच वेगळा दिसायला लागतो. तो बघून घरी आले आणि आईला फोन केला तर ती म्हणाली, "परवा." मी विचारलं, परवा काय, आले होते की येणारेत? मावशीबद्दल बोलत होती. आणि मग मला एकदम चमकलं, आपल्या मराठीत 'परवा' दोन्हीकडे जातो! परवा आली होती, परवा येणार आहे. शब्द तोच, दिशा क्रियापद ठरवतं, आणि वाक्य पुरं होईपर्यंत ऐकणारा मध्ये लटकलेला असतो. आता विचार करा, एक बाई आहे, बाबांसारखी विसरायला लागलेली, ती वाक्यं अर्धीच सोडते, "परवा तुझे बाबा..." आणि पोरीला कळत नाही ही आठवण सांगतेय की पुढचं काही बघून आलीय. ही गोष्ट इंग्लिशमध्ये होऊच शकत नाही. ती मराठीत होईल, आणि ती करायला एक वाडा, दोन नट्या आणि चांगला लेखक पुरे.

माझं मागणं एवढंच आहे की तुमच्यातल्या कुणीतरी पुढच्या दोन-तीन वर्षांत असा एक सिनेमा मनावर घ्या. छोटा करा, पण पोस्टरवर 'खास बच्चेकंपनीसाठी' असं लिहू नका, आणि शाळेच्या सुट्टीतल्या सकाळच्या शोमध्ये कोंबू नका. संध्याकाळी लावा. २०२५ ला 'महावतार नरसिंह' हा ॲनिमेटेड सिनेमा लागला तेव्हा मी बघितलंय, रात्रीच्या शोला आजी-आजोबांसकट कुटुंबं होती, थिएटर भरलेलं. प्रेक्षक येतो. तुमचा लागला की पहिल्या आठवड्यात मी माझ्या ऑफिसातल्या बारा जणांना घेऊन येते, हे नुसतं म्हणत नाही, नावं लिहून घेतलीत. आई पायऱ्या चढू शकत नाही म्हणून तिच्यासाठी कडेची खालची सीट बघावी लागेल, तेवढं मी करेन.

आपली,
एक प्रेक्षक, सांगलीची, सध्या मुक्काम पुणे

ता. क. : 'अवे' बघणार असाल तर हेडफोन लावून बघा, पूल ओलांडायचा जो सीन आहे तिथं आवाज थोडा वाढवा.